शेजारची सीट

आमच्या इमारतीत त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत. दारावर नावाची पाटी होती, पण ती वाचायचा फक्त पोस्टमन. शहरातल्या दहा-बारा जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे देखभालीला होत्या. कुठे दोर बदल, कुठे दरवाजा बसव, कुठे मधेच अडकलेल्या माणसांना बाहेर काढ, असं काम. सहा फुटांचा धिप्पाड माणूस, पण बोलणं इतकं कमी की जिन्यात भेटले तर मान हलवण्यावरच भागायचं. मी त्यांचा खालच्या मजल्यावरचा शेजारी.

त्यांनी गाडी घेतली तेव्हा सगळी इमारत बघायला खाली उतरली होती. बाजारात मिळत होती त्यातली ती जवळजवळ सगळ्यात लहान गाडी. ते आत बसले की गुडघे स्टिअरिंगला लागायचे.

"ही चालवणार आहात की अंगात घालणार आहात?" मी विचारलं.

"पेट्रोल कमी पिते," ते म्हणाले.

वहिनी शेजारी उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "आमचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता. शोरूममध्ये मात्र गाडीचं अ‍ॅव्हरेज तीन-तीनदा विचारलं."

बोलण्याची सगळी जबाबदारी त्या घरात वहिनींकडे होती. त्या पडदे शिवत. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड पसंत करून घ्यायचं, शिवून लावून द्यायचं. पूर्वी कापडाचे गठ्ठे रिक्षातून न्यावे लागत. गाडी आल्यावर मागची सीट पाडून तागेच्या तागे बसायला लागले. सकाळी दोघं एकत्रच निघत. वहिनींना एखाद्या घरी सोडून ते लिफ्टवर जात आणि दुपारी परत घ्यायला येत. गाडीच्या मागच्या खिडक्यांनाही वहिनींनी छोटे, चुण्या घातलेले पडदे शिवले होते.

त्यांचं गाडी चालवणं मी पाहिलेलं आहे. पुढचा सिग्नल लाल दिसला की ते लांबूनच पाय काढून घ्यायचे आणि गाडी आपसूक रांगत सिग्नलपर्यंत जायची. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव घ्यायचे. ह्यांना पत्ताच नाही. ब्रेक मारला म्हणजे तेवढं पेट्रोल रस्त्यावर ओतलं, असा त्यांचा हिशेब. आणि गाडी अशी रमतगमत चाललेली असताना वहिनी शेजारच्या सीटवरून वरच्या मजल्यांकडे बघत बसायच्या. "ते तिसऱ्या मजल्यावरचे बघा, लांडे शिवलेत. खिडकीच्या पिंढऱ्या दिसतायत." "अगं बाई, हा रंग कुणी गळ्यात मारला ह्यांच्या?" असं अखंड चालू. ते हं म्हणत. तीन-चार वर्षं अशी छान गेली.

मग एका दातांच्या डॉक्टरकडे लावलेले पडदे वीतभर आखूड निघाले.

वहिनींनी इतक्या वर्षांत कापड कधी वाया घालवलं नव्हतं. त्यांनी पुन्हा माप घेतलं, पुन्हा शिवले. तेही आखूड. डॉक्टर चिडला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची खिडकी वाढलीय." लिफ्टवाल्यांनी हे मला हसत सांगितलं आणि मीही हसलो. आम्हाला वाटलं, बाईंनी डॉक्टरची चांगली फिरकी घेतली.

त्यानंतर एकदा त्या आमच्याच दारात उभ्या राहून किल्ली फिरवत होत्या. एकदा शिवणाच्या मशीनला दोरा ओवायचा कसा, ते त्यांना आठवेना. मशीनसमोर बसून त्या नुसत्या रडल्या. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली बाई. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी लिफ्टवाल्यांना एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं की मेंदूचा आजार आहे, औषधांनी थोडा सावकाश वाढेल, पण थांबणार नाही.

"शेवटी काय होतं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून घेऊन बाहेर आले. बाकावर बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "झालं? चला. उशीर झालाय." दोघं घरी आले.

त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात होती. दिवसभराचा प्रवास, पदरात दोन लहान पोरं, आणि नोकरी. ती रोज संध्याकाळी फोन करायची. पहिले काही महिने आई फोनवर व्यवस्थित बोलायची, मग एक दिवस फोन बाजूला करून नवऱ्याला विचारलं, "ही कोण पोरगी? गोड बोलते हो."

वहिनींना सांभाळायला बाई ठेवली. पहिली बाई चांगली होती, पण वहिनी तिच्यावर कात्री घेऊन धावल्या. दुसरीला त्या तोंडावर चोर म्हणत. तिसरी आठवड्यात गेली. जाताना माझ्या बायकोला म्हणाली, "जीव मुठीत धरून नाही बाई होत माझ्याच्याने." घरात वहिनींना क्षणभर चैन नसायचं. या खोलीतून त्या खोलीत, दाराची कडी ओढ, खिडकीची कडी ओढ. सारखं एकच, "मला घरी जायचंय. मला घरी सोडा." आमच्या छतावर त्यांची पावलं दिवसभर वाजत राहायची.

गाडीत मात्र त्या शांत असत. हे त्यांना डॉक्टरकडे नेताना कळलं. जिन्यावरून ओढत, रडत आणलेली बाई गाडीत बसली, पट्टा लागला, गाडी हलली आणि गप्प झाली. खिडक्यांकडे बघायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते बघा, किती लांब सोडलेत. जमीन पुसतायत." लिफ्टवाले डॉक्टरकडे गेलेच नाहीत. शहराबाहेरून जो मोठा रस्ता वळसा घालून जातो, त्यावर ते तिला फिरवत राहिले.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी काम संपलं की वहिनींना शेजारी बसवायचं आणि तो वळसा पुरा करून यायचं. घरी जायचंय, असं त्या गाडीत कधी म्हणाल्या नाहीत. एकदा मला ते म्हणाले, "दुसरी एखादी दांडगी गाडी घेतली असती तर हे परवडलं नसतं." त्या दिवसांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

चौथी बाई मिळेना तेव्हा ते वहिनींना कामावर नेऊ लागले. इमारतीपाशी सावली बघून गाडी लावायची. वहिनींच्या मांडीवर पडद्याच्या कड्यांची पिशवी आणि एक दोरी द्यायची. त्या कड्या ओवायच्या, सगळ्या ओवून झाल्या की काढायच्या, परत ओवायच्या. सगळीकडचे वॉचमन ओळखीचे झाले होते. कुणी लक्ष ठेवायचं, कुणी चहा आणून द्यायचं. ते स्वतः मधूनमधून खाली येऊन बघून जात, हातापायाला ग्रीस तसंच. पाणी पाजायचे, बाथरूमला न्यायचे, पुन्हा वर. कित्येकदा खाली येईपर्यंत उशीर झालेला असायचा. मग ते सीट पुसत बसत. डिकीत त्यांनी बदलायला साड्यांऐवजी सैल गाऊन आणि टॉवेल ठेवले होते.

एकदा चालत्या गाडीचं दार वहिनींनी उघडलं. मागून बस येत होती. थोडक्यात निभावलं. त्या रविवारी लिफ्टवाल्यांनी खाली पार्किंगमध्ये दाराचा आतला पत्रा खोलला आणि आतल्या हँडलची सळई काढून टाकली. ते दार आता फक्त बाहेरून उघडायचं. मी तिथेच उभा होतो. बस बघितलेल्या माणसाने दुसरं काय करावं, हे मला तेव्हाही सुचलं नाही आणि आजही सुचत नाही.

असं वर्षभराहून जास्त चाललं. उन्हाळा आला.

त्या दिवशी एका सात मजली इमारतीतून फोन आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आहे, आत एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून आहे, म्हाताऱ्यांना हृदयाचा त्रास आहे. लिफ्टवाले धावत गेले. झाडाखाली गाडी लावली. शेजारी रस्ता खोदत होते, धुळीचे लोट येत होते आणि वहिनी खोकत होत्या, म्हणून त्यांनी काचा वर केल्या. मागचे पडदे ओढले. नेहमीचा वॉचमन रजेवर होता. बदलीवर आलेल्या माणसाला ते म्हणाले, "गाडीत माझी बायको आहे, लक्ष असू द्या." तो हो म्हणाला. मग पाण्याचा टँकर आला आणि तो मागच्या बाजूला गेला.

अशी अडकलेली लिफ्ट वरच्या मशीनच्या खोलीतून हाताने चाक फिरवून खाली आणतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पण त्या दिवशी ब्रेक धरून बसला होता आणि चाक जाग्यावरून हलेना. आतून सून किंचाळत होती, "अहो, बाबा बोलत नाहीयेत! बाबा बोलत नाहीयेत!" लिफ्टवाले हत्यारं घेऊन लिफ्टच्या टपावर उतरले. फोन वरच राहिला. तिथे त्या काळोख्या विहिरीत त्यांना किती वेळ लागला, ते त्यांनाही सांगता येत नाही. टपाची झडप उघडून आधी पाणी आत दिलं, म्हाताऱ्यांच्या तोंडावर वारा घातला, मग मजल्याचं दार ताणून उघडून दोघांना ओढून बाहेर घेतलं. म्हातारे वाचले.

खाली झाडाची सावली केव्हाच सरकली होती.

समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईला पुढच्या काचेवर एक हात आपटताना दिसला. तिला आधी वाटलं, कुणी तिलाच बोलावतंय. जवळ गेली तेव्हा हात खाली पडला होता. दारं बाहेरून लॉक केलेली. तिने ओरडून माणसं जमवली, खोदकामावरच्या एकाने पहारीने काच फोडली. वहिनींचं अंग इस्त्रीसारखं तापलं होतं. त्यांना रिक्षात घालून नेत होते तेवढ्यात लिफ्टवाले जिन्यातून बाहेर आले.

"गाडी कुणाची?" कुणीतरी विचारलं.

"माझी," ते म्हणाले.

पुढचं मला पोलिसांकडून कळलं, कारण लिफ्टवाल्यांना सोडवायला मीच गेलो होतो. लोकांनी त्यांना गाडीवर दाबून धरून मारलं. सहा फुटांच्या माणसाने हात वर केला नाही. "बायकोला कोंडून मारतोस काय रे?" एक जण प्रत्येक फटक्याला तेच विचारत होता आणि दुसरा मोबाईलवर ते टिपत होता. त्याच गर्दीतून त्या म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. रक्ताने माखलेल्या लिफ्टवाल्यांना बघून त्यांनी खुर्ची थांबवायला लावली आणि हात जोडून म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?" गर्दीला काही कळेना. मार मात्र तेवढ्यापुरता थांबला.

वहिनी वाचल्या. पण हॉस्पिटलमधून आल्या त्या आणखी बऱ्याच दूर निघून गेल्यासारख्या. ते चित्रण गावभर फिरलं. एकेका इमारतीने लिफ्टचं काम काढून घेतलं. त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीने सगळ्यात आधी. पोलिसांनी समज देऊन सोडलं.

मुलगी आली. तिनेही ते चित्रण पाहिलेलं होतं. आल्या दिवशी ती वडिलांशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईला तपासणीला न्यायचं म्हणून ती गाडीत शेजारच्या सीटवर बसून बघू लागली, आई कुठे बसायची, कशी बसायची. उतरायला गेली तर दार उघडेना. मी आणि लिफ्टवाले बाहेरच उभे होतो. नव्या बसवलेल्या काचेतून तिचा चेहरा दिसत होता. ती हँडल ओढत होती, परत ओढत होती. वडिलांनी बाहेरून दार उघडलं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"हो."

"मुद्दाम?"

"ती बसखाली गेली असती."

"मग मला का नाही सांगितलंत? रोज फोन करते मी. रोज विचारते, कसं चाललंय. रोज म्हणता, ठीक आहे."

"तू काय करणार होतीस?"

ती तिथेच पार्किंगमध्ये खाली बसून हुंदके देऊन रडली. लिफ्टवाल्यांनी हत्यारांची पेटी आणून पत्रा खोलला आणि सळई परत जागेवर बसवली.

अशा रुग्णांसाठी शहराबाहेर एक संस्था आहे. मुलीने तिथे जागा मिळवली. ती म्हणाली, "मी टॅक्सी सांगते." ते म्हणाले, "तिला मी नेईन." मुलगी मागे बसली. वहिनी पुढे. जवळचा रस्ता सोडून त्यांनी लांबचा घेतला. वाटेत वहिनींनी एकदा वर बोट दाखवलं, पण काय दाखवायचं ते त्यांच्या तोंडून आलं नाही. ते तरी म्हणाले, "हं. लांडे शिवलेत."

संस्थेच्या दारात गाडी थांबली. दोन परिचारिका आल्या. वहिनींनी पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"उतरा आजी, घर आलं," एक म्हणाली.

"मी घरीच बसलेय ना," वहिनी म्हणाल्या. "कुठे उतरू?"

खूप समजावलं. शेवटी परिचारिकांनी बोटं एकेक करून सोडवायला घेतली तेव्हा लिफ्टवाले म्हणाले, "थांबा," आणि ती बोटं त्यांनी स्वतः सोडवली. त्यांनाच त्या चावल्या. मनगटावरचा तो वण मी पुढे पाहिला.

दर रविवारी ते जात. संस्थेच्या लोकांनी परवानगी दिली होती, म्हणून तासभर तिला आवारातच गाडीत बसवत. काचा पूर्ण खाली. आता वहिनी त्यांना ओळखत नव्हत्या. बसल्या की समोर बघून म्हणायच्या, "ड्रायव्हर, चला." ते म्हणायचे, "हो बाई, चला." आणि आवारातच एक चक्कर मारायचे. पुढे-पुढे त्या तेवढंही बोलेनाशा झाल्या. मान एका बाजूला कलायची, म्हणून ते उशी लावत. पुढे त्यांना गाडीपर्यंत आणणंच बंद झालं.

थंडीत छातीत कफ झाला आणि त्या गेल्या. लिफ्टवाले तेव्हा एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात साचलेलं पाणी उपसत होते. खबर मी नेली. ते वर आले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि म्हणाले, "मुलीला कळवलंत?" मी हो म्हणालो. "मग ठीक," ते म्हणाले आणि नळ बंद करायचं विसरून चालायला लागले.

मुलीने त्यांना आपल्याकडे चला म्हणून खूप आग्रह केला. ते गेले नाहीत. दोघांमध्ये भांडण उरलं नव्हतं, पण मोकळेपणाही आला नाही. फोनवर ती अजून विचारायची, कसं चाललंय. ते अजून म्हणायचे, ठीक आहे. एकदा तिने फोनवर मला विचारलं, "काका, बाबा खरंच ठीक आहेत का?" मी म्हणालो, "नाहीत." ती म्हणाली, "हे मला ते कधी सांगणार?" मला वाटतं, कधीच नाही.

वर्षभर त्यांनी गाडी चालवली. मग गुडघे जाम व्हायला लागले आणि त्या छोट्या जागेत शिरणं-निघणं होईना. गाडी विकायची ठरली. पहिली आली ती घरोघर जाऊन शिकवण्या घेणारी एक बाई. गाडी तिला आवडली. तिने सहज विचारलं, "अपघात वगैरे झालेला नाही ना?"

आणि या माणसाने, ज्याच्याकडून चार शब्द काढायला चिमटा लागायचा, पार्किंगमध्ये उभं राहून तिला सगळं सांगितलं. ऊन, सावली, सळई, काच. कुठे काही लपवलं नाही, कुठे सारवासारव केली नाही. ती बाई शेजारच्या सीटकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी घरी विचारून सांगते." ती परत आली नाही. दुसऱ्यालाही त्यांनी सांगितलं, तोही परत आला नाही.

"सांगायची काय गरज?" मी म्हणालो. "विचारतात ते गाडीच्या अपघाताबद्दल."

"गाडीतच झाला," ते म्हणाले.

तिसरा आला तो जुन्या गाड्यांचा दलाल. त्याने त्यांचं सगळं बोलणं बॉनेटमध्ये डोकं घालूनच ऐकलं.

"काच बदलली ना?" त्याने विचारलं.

"बदलली."

"दार उघडतं?"

"उघडतं."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि किल्ली घेतली.

गाडी फाटकातून बाहेर गेली. लिफ्टवाल्यांना तेवढ्यात फोन आला. उरलेल्या तीन-चार इमारतींपैकी एकीच्या लिफ्टचा दरवाजा अर्धवट लागत होता. त्यांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि गुडघा धरत बस स्टॉपकडे चालू लागले.